सरड्याची धाव न्हाणीघरापर्यंत: बाथरूमच्या कोपऱ्यात शॅमेलिऑनचे घर

पुण्यातल्या दोन-तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एक बाथरूम हमखास असे असते, की ज्यात आंघोळ कमी होते आणि रिकाम्या बादल्या, जुना गीझर व दिवाळीलाच बाहेर निघणारे पाट यांचीच वस्ती अधिक असते. आमच्याकडचे असे बाथरूम चार फूट रुंद आणि सात फूट लांब आहे. दाराजवळ बेसिन, मध्ये कमोड आणि खिडकीखाली शॉवरचा कोपरा अशी त्याची मांडणी आहे. त्या शॉवरच्या कोपऱ्यात आज दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि चार फूट उंच अशा जाळीच्या घरात एक येमेनी शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा राहतो. ते घर उभे करताना जे बरोबर केले आणि जे चुकल्यावर पुन्हा करावे लागले, ते दोन्ही येथे लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बाथरूममध्ये पाणी आणि पाण्याचा निचरा आयता मिळतो, म्हणून ही जागा शॅमेलिऑनसाठी सोयीची आहे असे पहिल्यांदा वाटते. परंतु या प्राण्याला पाण्याइतकीच खेळती हवा आणि ऊन लागते, आणि बाथरूममध्ये नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. त्यामुळे खर्च आणि विचार यांचा मोठा वाटा प्लंबिंगवर खर्ची न पडता हवा आणि प्रकाश यांवर पडला पाहिजे.

कागद आधी, प्राणी नंतर

पुण्याच्या भोवतालच्या टेकड्यांवर आणि शेतांच्या बांधांवरील झाडाझुडपांत आपला देशी शॅमेलिऑन आढळतो. त्याला कोणी घोयऱ्या सरडा म्हणते, कोणी सरडगुहिरा. तो पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला संरक्षण असून त्याला पकडणे, विकणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. ‘शेतात सापडला म्हणून आणला’ हे कारण तेथे चालत नाही. रस्ता ओलांडताना किंवा बांधकामाच्या जागी असा सरडा दिसला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि त्याला डब्यात घालून घरी आणण्याचा मोह टाळावा.

पाळण्यासाठी जे शॅमेलिऑन ठेवले जातात, त्यांपैकी येमेनी म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन हा मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला, तर पँथर शॅमेलिऑन मादागास्करचा आहे. हे दोन्ही वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या करारातील प्रजाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी करणे बंधनकारक झाले. पुढे प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी तेही कळवावे लागते. म्हणून विक्रेत्याकडून प्राण्याच्या कायदेशीर उगमाचे कागद आधी हातात घ्यावेत. ‘कागद मागाहून पाठवतो’ असे उत्तर मिळाले, तर पिंजरा रिकामा ठेवणे परवडते. पिंजरा तयार होईपर्यंत कागदांचे काम पूर्ण करावे आणि दोन्ही झाल्याशिवाय प्राणी घरात आणू नये, असा क्रम मी पाळला आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

कोणते बाथरूम चालेल आणि कोणते नाही

रोजच्या आंघोळीचे बाथरूम यासाठी बाद समजावे. गरम पाण्याची वाफ, साबणाचा फवारा, डिओडरंट, फिनेल, टाइल घासायचे ॲसिड, कोपऱ्यात टांगलेली डांबरगोळीची जाळी यांतले काहीही शॅमेलिऑनच्या फुप्फुसांना मानवत नाही. ज्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे तेथे तर हा विचारच करू नये, कारण बंद जागेत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाचाही जीव घेतो. कमोड अधूनमधून वापरात राहिला तरी हरकत नाही, मात्र झाकण सदैव बंद ठेवण्याची सवय घरातल्या सर्वांना लावावी लागते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून दात घासायचे ब्रश, वस्तरा आणि टॉवेल या बाथरूममधून कायमचे बाहेर काढावेत.

खिडकी कोठे उघडते हे नीट पाहावे. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत उघडते आणि त्या डक्टमध्ये चार घरांच्या एक्झॉस्टची हवा, फोडणीचा धूर आणि कबुतरे एकत्र नांदत असतात. कबुतरांच्या विष्ठेची धूळ उडून आत येत असेल, तर तेथून हवा आत घेऊ नये. हवा घराच्या आतून, म्हणजे दाराखालून यावी आणि खिडकीतून बाहेर जावी. खिडकी थेट बाहेर उघडत असेल तर उत्तमच, परंतु ती पश्चिमेला असेल तर एप्रिलच्या दुपारी त्या भिंतीला हात लावून पाहावा. उन्हाने तापलेली भिंत रात्री नऊपर्यंत गरम राहते आणि पिंजरा तिला चिकटून असेल तर प्राण्याला थंड कोपरा उरत नाही.

आरसा काढून टाकावा किंवा झाकावा. शॅमेलिऑन एकलकोंडा प्राणी आहे आणि आरशातले प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटते. तो अंग फुगवून गडद रंग धारण करतो आणि दिवसभर त्याच आवेशात राहिला तर खाणे सोडतो. आमच्याकडे आरसा काढल्यावरही तो एका विशिष्ट फांदीवर गेला की फुगत असे. शोध घेतल्यावर लक्षात आले, की समोरच्या चकचकीत काळ्या टाइलमध्ये त्याला स्वतःची आकृती दिसत होती. त्या दोन टाइलवर मॅट फिल्म चिकटवल्यावर ते थांबले. एकाहून अधिक शॅमेलिऑन एकमेकांना दिसतील असे ठेवू नयेत, हेही याच कारणासाठी.

तोडफोड किती करावी

शक्य तितकी कमी. शॉवरच्या कोपऱ्यात टाइलच्या खाली वॉटरप्रूफिंग असते आणि तेथे एक खिळा चुकीच्या जागी ठोकला, तरी दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या छताला ओल दिसते. म्हणून जमिनीत काहीही ठोकायचे नाही. पिंजरा स्टँडवर ठेवायचा आणि भिंतीला आधार हवा असेल तर डॅडोच्या, म्हणजे भिंतीवरच्या टाइलच्या पट्ट्याच्या, वरच्या कोरड्या भागात द्यायचा.

काम सुरू करण्याआधी पाँडिंग करून घ्यावे. नहाणी ट्रॅपचे, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीचे, तोंड कापडाने बंद करून कोपऱ्यात इंच-दीड इंच पाणी २४ तास साठवावे आणि खालच्या घरी जाऊन छत पाहावे. आंघोळीचे पाणी येऊन वाहून जाते. फवाऱ्याचे पाणी मात्र रोज थोडे थोडे, तासन्‌तास टाइलच्या फटींत झिरपत राहते, त्यामुळे आंघोळ करताना कधी न दिसलेली गळती येथे दिसते. फटींमधले जुने सिमेंटचे ग्राउट खरवडून त्या जागी इपॉक्सी ग्राउट भरावे. मग जमिनीवर एक लिंबू ठेवून पाहावे. ते घरंगळत ट्रॅपकडे गेले तर ढाळ ठीक आहे. मध्येच थांबले तर त्या खळग्यात पाणी साचेल आणि डास होतील, हे समजून तेवढ्याच भागाचा ढाळ गवंड्याकडून नीट करून घ्यावा.

न वापरलेल्या बाथरूमच्या ट्रॅपमधले पाणी आटते आणि तेथून ड्रेनेजचा वास व झुरळे वर येतात. पिंजऱ्याचे पाणी रोज तेथे जाऊ लागले की ही तक्रार आपोआप मिटते, मात्र ट्रॅपवरची जाळी बारीक छिद्रांची बसवावी. खिडकीच्या लूव्हर्सनाही आतून स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी लावावी. हे मी उशिरा केले. खाद्यासाठी आणलेल्या रातकिड्यांपैकी काही निसटून डक्टमध्ये उतरले आणि आठवडाभर रात्री त्यांची मैफल चालली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारले, “तुमच्या बाथरूममध्ये शेत केलंय का हो?”

पिंजरा ॲल्युमिनियमच्या चौकटीचा करून घ्यावा. स्लायडिंगच्या खिडक्या करणारा कोणताही फॅब्रिकेटर तो करून देतो. फक्त त्याला दोन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. एक म्हणजे नायलॉनची मच्छरदाणीची जाळी नको, कारण रातकिडे ती कुरतडतात आणि शॅमेलिऑनची नखे तिच्यात अडकतात. प्लॅस्टिकचा थर दिलेली धातूची किंवा स्टीलची जाळी वापरावी. दुसरे म्हणजे वरचे छत आणि समोरचे दार पूर्ण जाळीचे असावे, मागची आणि एक बाजू ॲक्रिलिकच्या पत्र्याने बंद केली तरी चालते. खाली तळाला दोन इंचांची जाळीची पट्टी राखावी, म्हणजे दिव्याने तापलेली हवा वरून निघते आणि खालून गार हवा शिरते. पिंजरा जमिनीपासून अडीच फूट उंच स्टँडवर ठेवावा. शॅमेलिऑन माणसाच्या डोळ्यांपेक्षा उंच बसला की निश्चिंत असतो आणि कोणी वरून वाकून पाहिले की घाबरतो. तळाला किंचित उतरता ट्रे द्यावा व त्याच्या कोपऱ्यातून एक नळी थेट ट्रॅपमध्ये सोडावी.

टाइलचा एक फायदा येथे सांगण्याजोगा आहे. पालीच्या बोटांना चिकटण्याची जी सोय असते ती शॅमेलिऑनला नाही. त्याचा पंजा चिमट्यासारखा असतो, तो फांदी घट्ट धरतो, पण गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही. त्यामुळे चुकून दार उघडे राहिले तरी तो छतापर्यंत पोहोचत नाही. तो पिंजऱ्यावरच किंवा पडद्यावर सापडतो.

हवेची चूक

पहिल्या वेळी मी जाळीचा पिंजरा केलाच नव्हता. शॉवरचे काचेचे पार्टिशन आयते होते. त्याला वरून जाळी ठोकली, तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूने काच असे घर तयार झाले आणि दिसायलाही देखणे होते. जून उजाडेपर्यंत सारे ठीक चालले. पावसाळा लागल्यावर पानांच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरू लागली, कुंडीतल्या मातीला कुबट वास येऊ लागला आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्या श्वासाबरोबर ‘टिक् टिक्’ असा बारीक आवाज ऐकू येऊ लागला. तो तोंड किंचित उघडे ठेवून मान वर करून बसे. पशुवैद्यांनी श्वसनमार्गाचा संसर्ग असल्याचे सांगितले, औषधे दिली आणि काच काढायला लावली. तो वाचला, पण त्यात दीड महिना गेला. दमट हवा या प्राण्याला चालते. त्याला बाधते ती साचलेली दमट हवा.

तेव्हापासूनची व्यवस्था अशी आहे. खिडकीच्या वरच्या तावदानाच्या जागी सहा इंची एक्झॉस्ट फॅन आहे, तो रेग्युलेटरवर अगदी मंद फिरतो. दाराला खालून एक इंच फट ठेवली आहे. फॅन पिंजऱ्याच्या रेषेत नाही, बाजूला आहे, कारण थेट झोत बसला तर प्राण्याच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. पिंजऱ्यात एक अगरबत्ती धरली तर धूर सरळ वर न जाता हळूच खिडकीकडे कलावा इतपत ओढ पुरेशी असते. ही चाचणी अर्थातच रिकाम्या पिंजऱ्यात घ्यावी.

आर्द्रता मोजण्यासाठी दोन मीटर लावावेत, एक वर आणि एक खाली. येमेनी शॅमेलिऑनला दिवसा ३० ते ५० टक्के आर्द्रता पुरते आणि रात्री ती ८० टक्क्यांच्या पुढे गेलेली चालते, किंबहुना हवीच असते. झोपेत दमट गार हवा श्वासातून आत जाणे हा त्याच्या पाणी मिळवण्याचाच एक मार्ग मानला जातो. बाथरूमचा खरा उपयोग येथे होतो. रात्री फॅन बंद केला की ओल्या टाइलमुळे आर्द्रता आपोआप चढते, फॉगर घ्यावा लागत नाही. सकाळी दिवे लागले की फॅन चालू करावा आणि दहा वाजेपर्यंत पाने कोरडी झाली पाहिजेत.

ऊन विकत आणणे

बाथरूममधल्या शॅमेलिऑनला दोन वेगळे दिवे लागतात आणि त्यांची कामे एकमेकांना करता येत नाहीत. पहिला उष्णतेचा: साधा ५० वॅटचा हॅलोजन, पिंजऱ्याच्या छतावर बाहेरून ठेवलेला. त्याखालच्या सर्वांत वरच्या फांदीवर, प्राण्याच्या पाठीच्या उंचीला २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान यावे. दुसरा अतिनील-बी किरणांचा: दोन फुटी, २४ वॅटची टी-फाइव्ह नळी, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली. हे किरण नसतील तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत बसत नाही आणि लहान मुलांना जसा मुडदूस होतो तसे याचे पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. सर्वांत वरची फांदी नळीपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर असावी. नळी वर्षभराने पेटत असली तरी तिचे अतिनील किरण क्षीण झालेले असतात, म्हणून बसवल्याची तारीख लिहून ठेवून ती वर्षाला बदलावी. दोन्ही दिवे १२ तासांच्या टायमरवर ठेवतात, हॅलोजन मात्र उन्हाळ्यात सकाळचे तीन-चार तास पुरतो. झाडांसाठी २० वॅटचा एक पांढरा एलईडी मी वेगळा लावला आहे. हे सगळे दिवसाला बारा तास चालले तर महिन्याला सुमारे ३४ युनिट वीज लागते, उन्हाळ्यात त्याहून कमी.

खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा येथे उपयोग नाही, कारण काच अतिनील-बी अडवते. उलट बाल्कनीतले खरे ऊन फुकट आणि उत्तम असते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नवाच्या सुमारास त्याला एका छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली धरून, अर्धा तास बाल्कनीत ठेवतो. तेथे पाच मिनिटांत उन्हाकडची त्याची बाजू काळपट होते आणि दुसरी हिरवीच राहते. ऊन शोषून घेण्याची ही त्याची रीत आहे.

वीज आणि पाणी एकत्र येत असल्याने वायरिंगमध्ये काटकसर करू नये. या बाथरूमच्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. सॉकेट, टायमर, अडॅप्टर हे सारे बाथरूमच्या बाहेर, पॅसेजच्या भिंतीवर ठेवावे आणि आत फक्त वायर न्यावी. प्रत्येक वायरला दिव्याजवळ जाण्याआधी खाली एक झोल द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकते, होल्डरमध्ये शिरत नाही. दिव्यांची फिटिंग पाण्याचे शिंतोडे सोसणारी, आयपी-६५ दर्जाची घ्यावी. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अशी फिटिंग आणि टायमर दोन्ही मिळतात.

पाणी

शॅमेलिऑन वाटीतले साचलेले पाणी सहसा ओळखतच नाही, तो पानांवरचे थेंब चाटतो. त्यासाठी बारीक फवारा मारणारे विदेशी मिस्टिंग यंत्र मागवण्याची गरज नाही. वॉटर प्युरिफायरमध्ये असतो तो २४ व्होल्टचा आरओचा बूस्टर पंप, पाव इंची नळी, ठिबक सिंचनाचे साहित्य विकणाऱ्याकडे मिळणारी दोन फॉगिंग नोझल आणि सेकंदांत लावता येणारा डिजिटल टायमर एवढ्यात काम होते. पहाटे दिवे लागण्याआधी दोन मिनिटे आणि रात्री दिवे बंद झाल्यावर दोन मिनिटे फवारा पुरतो. दुपारी एकदा ठिबक द्यावे. त्यासाठी औषधाच्या दुकानातून नवा सलाइनचा सेट आणावा, तो स्वच्छ बाटलीला जोडून नळी जास्वंदीच्या पानावर सोडावी आणि चाकी फिरवून सेकंदाला एखादा थेंब पडेल असे करावे. पानाच्या टोकाला थेंब लोंबला, की तो एक डोळा त्या थेंबावर आणि दुसरा माझ्यावर ठेवून अर्धा मिनिट विचार करतो आणि मगच जीभ लावतो.

बोअरचे किंवा टँकरचे पाणी नोझलमध्ये घालू नये. आपल्याकडच्या बेसाल्ट खडकातले पाणी जड असते आणि महिन्याभरात नोझलची तोंडे पांढऱ्या क्षाराने बुजतात. तसे झालेच तर नोझल लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवावी व स्वच्छ धुवावी. गाळलेल्या पाण्याचा २० लिटरचा एक जार भरून ठेवला, की गुरुवारी महापालिकेचे पाणी बंद असले तरी अडत नाही. रोजची गरज लिटर-दीड लिटरचीच असते. पाणी पुरते की नाही, हे त्याच्या विष्ठेबरोबरच्या पांढऱ्या भागावरून कळते. तो पांढराशुभ्र असेल तर ठीक, गर्द पिवळा किंवा नारिंगी दिसू लागला आणि डोळे खोल गेले तर पाणी कमी पडत आहे.

फांद्या, झाडे, खाणे

फांद्या पेरूच्या उत्तम. त्या कठीण असतात, लवकर कुजत नाहीत आणि त्यांना आडवे फाटे भरपूर असतात. घासून धुवाव्यात, चार दिवस कडक उन्हात वाळवाव्यात, आणि करंगळीपासून अंगठ्यापर्यंतच्या निरनिराळ्या जाडीच्या अशा बसवाव्यात, की वरच्या दिव्यापासून खालच्या कुंडीपर्यंत त्याला कोठेही उडी न मारता उतरता येईल. येमेनी शॅमेलिऑन पानेही कुरतडतो, म्हणून झाड निवडताना ते विषारी नाही ना हे पाहावे. जास्वंद सर्वांत निर्धोक, तिची पाने आणि फुले दोन्ही तो आवडीने खातो. शेफ्लेरा आणि मनीप्लांटही चालतात आणि बाथरूमच्या प्रकाशात तग धरतात. कण्हेर, डिफेनबेकिया आणि चिकाची कोणतीही शेरवर्गीय झाडे आत नकोत. नर्सरीतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारलेले असते, तेव्हा पाने धुऊन, वरची माती बदलून रोप महिनाभर बाहेर ठेवावे.

खाण्यात मुख्य रातकिडे. पूर्ण वाढलेल्या प्राण्याला एक दिवसाआड चार-पाच पुरतात, पिल्लाला रोज हवेत. रातकिड्याला आधी नीट खाऊ घालावे लागते, कारण त्याच्या पोटात जे असते तेच शेवटी सरड्याच्या पोटात जाते. शेवग्याचा पाला, गाजर आणि लाल भोपळा द्यावा, पालक टाळावा, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम अडवते. देण्याआधी रातकिडे डब्यात घालून चिमूटभर कॅल्शियमच्या भुकटीत हलवून घ्यावेत, आणि ड३ असलेली जीवनसत्त्वांची भुकटी महिन्यातून दोनदाच वापरावी. घरातल्या पाली, झुरळे किंवा दिव्याभोवतीचे किडे कधीही देऊ नयेत. झुरळावर शेजाऱ्याने कोणते औषध मारले आहे हे आपल्याला माहीत नसते.

नवख्याने नर घ्यावा, असा माझा आग्रह आहे. नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर जन्मापासून एक छोटा काटा असतो, त्यावरून तो ओळखता येतो. मादी नर नसतानाही अंडी घालते. तिला त्यासाठी ओलसर वाळू-मातीचा एक फूट खोल थर मिळाला नाही, तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. मादीच असेल तर पिंजऱ्यात मातीने भरलेली खोल बादली कायमची ठेवावी, म्हणजे जागेचे गणित बदलते.

पुण्याचे तीन ऋतू

मार्च ते मे हा कठीण काळ. दुपारी बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते आणि पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत जातो. पिंजऱ्यात ३५ च्या वर तापमान जाऊ देऊ नये. हॅलोजन दहाला बंद करावा, दुपारी फवाऱ्याची एक फेरी वाढवावी, आणि खिडकीला वाळ्याचा पडदा लावून तो ओला ठेवावा. मात्र पडदा लावला की फॅनची दिशा उलटी करून हवा त्यातून आत घ्यावी लागते. डक्टमध्ये कबुतरे असतील तर हा उपाय सोडून द्यावा.

पावसाळ्यात फवारा सकाळी एकदाच ठेवावा, फॅन दिवसभर चालवावा आणि दर आठवड्याला मेलेली पाने वेचावीत. डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेर पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि टाइल गारठतात. रात्री १५-१८ अंशांपर्यंतची थंडी त्याला मानवते, त्याखाली उतरू लागल्यास थर्मोस्टॅटला जोडलेला, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर छताच्या बाहेरून लावावा.

प्राणी आणण्यापूर्वीचे पंधरा दिवस

सगळे बसवून झाले की पंधरा दिवस पिंजरा रिकामा चालवावा. या काळात टायमर चुकतात, ट्रेची नळी निसटते, एखादी फांदी ओलीने फुगून सैल होते. हे सारे तेव्हाच होऊन गेलेले बरे. वीज गेल्यावर परत आली की टायमरचे घड्याळ मागे पडते का, हे मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहावे. याच दिवसांत सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य शोधून ठेवावेत. गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात ही सोय असेलच असे नाही.

आणल्यावर पहिले तीन-चार दिवस त्याने खाल्ले नाही तरी घाबरू नये. बाथरूमचे दार लोटून घ्यावे, दिवसातून दोनदाच आत जावे आणि त्याला हातात घेण्याची घाई करू नये. त्याचा रंग रात्री फिकट पडतो ते झोपेमुळे. दिवसा मात्र तो डोळे मिटून बसलेला दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

वजन दर रविवारी स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर करतो. काट्यावर एक फांदी ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा आणि त्याला त्या फांदीवर चढू द्यायचे. वही ओली होते म्हणून मी नोंदी दाराशेजारच्या पांढऱ्या टाइलवरच मार्करने लिहितो. वर अतिनील नळी बसवल्याची तारीख, त्याखाली जीवनसत्त्वाच्या भुकटीचे दिवस आणि त्याखाली वजनांची ओळ. वर्ष संपले, की टाइलचा फोटो काढून स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसून घेतो. या वर्षीच्या ओळीत काल १६४ ग्रॅम लिहिले.